मयताने उठायचं नाही

मंडळाला एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षांत मंडळातल्या कुणीही एक वाक्य पाठ केलं नव्हतं. ही गोष्ट झाकून ठेवावी असं कुणाला वाटत नसे. उलट डॉक्टर ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, आमच्या घराण्यात कुणी दारूला शिवलं नाही हे सांगावं तशा सुरात. पाठ केलं की अभिनय मरतो, असं त्यांचं म्हणणं. अभिनय जगवायचा म्हणजे प्रॉम्प्टर आला. प्रॉम्प्टर वाचणार, आणि नटमंडळी कान त्याच्याकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे ठेवून, जे ऐकू येईल ते गहिवरून बोलणार. त्यामुळे मंडळाच्या नाटकांतली माणसं प्रत्येक वाक्याआधी फार खोल विचार करताना दिसत. एका स्पर्धेत परीक्षकांनी या 'अर्थपूर्ण विरामां'साठी खास प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते डॉक्टरांनी फ्रेम करून दवाखान्यात लावलं होतं, हिरड्यांच्या रोगांच्या तक्त्याशेजारी.

डॉक्टर दातांचे. तालमी त्यांच्याच दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, दुपारी पेशंट नसताना, आणि पेशंट नसण्याची ही वेळ वर्षागणिक ऐसपैस होत चालली होती. नट चार. स्वतः डॉक्टर. त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींचे भाऊ, ज्यांना सगळं गाव मेहुणे म्हणे आणि विमा विकायला आले की दार लावून घेई. आणि गणिताच्या बाई, ज्या रंगमंचावरसुद्धा शेवटच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते बघत बोलत.

प्रॉम्प्टर एकच, लेखक. हे त्याचं मंडळातलं नाव. घरजावयाला ज्या सुरात जावईबापू म्हणतात, त्या सुरात त्याला लेखक म्हणायचे. वय सत्तावीस. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारीच्या टेबलावर सकाळपाळीला बसून तो अडकलेल्या माणसांना फोनवर सांगे, "घाबरू नका, माणूस निघालाय." माणूस बहुतेक वेळा जेवत असे. पण एवढ्या वाक्यावर माणसं शांत होतात, सांगू ते बटण दाबतात, सांगू तितका वेळ उभी राहतात, हे पाच वर्षं ऐकून मनुष्यजातीबद्दल त्याचं मत कायमचं बनलं होतं. दोन फोनांच्या मधल्या वेळात त्याने नाटक लिहिलं, ते त्याच मतातून.

नाटक असं होतं. एका घरात म्हातारा गेलाय. टेबलावर चादरीखाली ठेवलाय. वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या आहेत आणि घरच्यांना त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य सुचत नाहीये. तासभर डोकं खाजवून एवढंच निघतं की तो गाडी सरळ लावायचा. शेवटी ते शेजारच्या काकांचे गुण उसने घेतात. काका प्रेमळ, काका हसतमुख, काका अडीअडचणीला धावणारे. लिहिता लिहिता सगळ्यांना काकांच्या आठवणीने इतकं भरून येतं की रडत रडत ते चांगल्या धडधाकट असलेल्या काकांच्या गळ्यात पडायला शेजारी निघून जातात. जाताना शेवटचा माणूस सवयीने दिवा बंद करतो. अंधारात टेबल. पडदा.

ताईने ते वाचलं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शाळेत ग्रंथपाल. आजवर हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली आणि एकाचंही तिने कौतुक केलं नव्हतं. शेवटचं पान संपवून ती एकदा नाकातून हसली आणि म्हणाली, "बाकीचं राहू दे. शेवट चांगलाय." या शेवटच्या दोन शब्दांवर लेखक चार महिने जगत होता. प्रयोगाला ती सुट्टी काढून, दोन बस बदलून येणार होती. शेवट बघायला.

डॉक्टरांनी नाटक घेतलं ते विषय ज्वलंत आहे म्हणून, आणि घेतल्यावर लगेच विझवायला बसले. प्रमुख पाहुणे ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष होते, वय शहाऐंशी, आणि पुढच्या चार रांगा त्यांच्याच संघाच्या. त्यांच्यासमोर मेलेल्या माणसाची अशी चेष्टा बरी दिसते का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता औषधाची चिठ्ठी लिहितात तशा अक्षरात खाडाखोड सुरू केली. 'गाडी सरळ लावायचा' गेलं आणि त्याजागी 'बाबा म्हणजे वटवृक्ष' आलं. असे एकूण एकोणचाळीस वटवृक्ष त्यांनी लावले. लेखकाने मोजले होते.

शेवट मात्र त्यांनी आधी हात न लावता ठेवला होता, कारण मुळात प्रेत म्हणजे दोन उशा आणि एक लोड होता. घोटाळा सभागृहाने केला. त्या सभागृहाच्या रंगमंचाला विंग एकच, डाव्या अंगाला. उजवीकडे थेट भिंत. आणि वीस वर्षं ड्रिल चालवून डॉक्टरांचा डावा कान कामातून गेलेला. विंगेतून वाचलेलं त्यांना ऐकू येणार नव्हतं, आणि ऐकू न येणं म्हणजे नाटक संपणं. तेव्हा बाईंनी तोडगा काढला की टेबल मध्यावर आहेच, लोड काढा आणि लेखकाला ठेवा. चादरीखाली छातीवर संहिता, गळ्यात छोटी बॅटरी. चौघांनाही सारखं अंतर. छातीतून फिकट उजेड दिसतो, अशी शंका मेहुण्यांनी काढली. तो आत्मा वाटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अशा रीतीने लेखक स्वतःच्या नाटकात मयत झाला. आणि प्रेताच्या जागी जिवंत माणूस आलाच आहे तर तो उठवायचा का नाही, असा विचार डॉक्टरांच्या मनात तिसऱ्या तालमीला आला. नवा शेवट त्यांनी स्वतः, चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहिला. मुलगा टेबलापाशी गुडघे टेकून म्हणतो, बाबा, एकदा डोळे उघडा. बाबा डोळे उघडतात, उठून बसतात, मी मेलोच नव्हतो म्हणतात, तुमचं सगळं ऐकलं म्हणतात, आणि पोरांनो मी तुम्हाला माफ केलं अशी सुरुवात करून पावणेतीन मिनिटं बोलतात. मग सगळे मिठी मारतात.

लेखक म्हणाला की मग नाटकाला काही अर्थच उरत नाही. डॉक्टर म्हणाले, "अरे, लोक सहकुटुंब येतात. घरी काहीतरी घेऊन गेले पाहिजेत." घरी न्यायला छत्री आणून ठेवा, असं लेखकाच्या ओठांवर आलं होतं. पण त्याला दुसरं मंडळ माहीत नव्हतं, आणि गावात दुसरं मंडळ नव्हतंही. तो टेबलावर जाऊन आडवा झाला.

उपाय त्याला तिथेच, आडव्याने, शेवटच्या तालमीत सुचला. सुचायला फार काही लागलं नाही. एकवीस तालमींत या चौघांना तो सांगेल त्याखेरीज एक अक्षर येत नव्हतं. कालचं वाक्य आज बदललं तरी कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. त्याने मधल्या एका तालमीत मुद्दाम दुधाच्या पिशवीवरचा मजकूर वाचून बघितला होता, तर मेहुण्यांनी 'थंड जागी ठेवा' हे डोळ्यांत पाणी आणून म्हटलं होतं. तेव्हा रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला त्याने चादरीखाली नेली ती स्वतःची, मूळ संहिता. वटवृक्ष घरी ठेवले.

पडदा वर गेला. चादरीतून त्याला पिवळट धूसर दिसत होतं आणि अत्तराचा, घडी मोडलेल्या कपड्यांचा वास येत होता. वहिनी विधवा झाल्या होत्या. नवऱ्याच्या आईचं काम करायचं म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या की घरी तरी वेगळं काय करते. डॉक्टर थोरला मुलगा, बाई मुलगी, मेहुणे जावई. लेखकाने ओठ न हलवता वाचलं. डॉक्टरांनी खोल विचार केला, प्रेक्षकांकडे वळले आणि कंप पावत्या आवाजात म्हणाले की बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट सरळ लावली, ती म्हणजे गाडी.

सभागृह हसलं. शहाऐंशी वर्षांचे अध्यक्ष सगळ्यात मोठ्याने. डॉक्टर दचकले, पण लगेच सावरले. हशा आपल्यालाच मिळालाय याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका येत नसे.

पुढचा तासभर लेखकाच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता. तो वाचत होता आणि चार मोठी माणसं, त्यातली एक पदवीधर डॉक्टर आणि एक मुलांना पायथागोरस शिकवणारी, ते जसंच्या तसं ओकत होती. बाई रडत रडत म्हणाल्या की बाबांनी मला कधीच मारलं नाही, त्यांना मी कुठल्या इयत्तेत आहे तेच माहीत नव्हतं. अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला असता तर त्या थबकल्या असत्या. अर्थ वाटेत कुठे थांबतच नव्हता. एका कानातून शिरून सरळ तोंडातून बाहेर. लेखकाला हाव सुटली. मेहुण्यांची वाक्यं चारच होती, त्याने त्यांना जागच्या जागी रचून एक पानभर भाषण दिलं, सासऱ्याच्या घोरण्यावर. मेहुण्यांनी ते स्वतःच्या श्रद्धांजलीसभेत बोलावं तसं बोलून दाखवलं. टाळी पडली. चादरीखाली लेखकाचं पोट हसून हलत होतं आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीने शेजारणीला मोठ्याने सांगितलं की आत्मा अजून आहे.

मग काका आले, म्हणजे काकांचे गुण आले, सगळ्यांना भरून आलं, आणि लेखक शेवटच्या पानावर पोचला. त्याने घसा न खाकरता वाचलं, "चला, काकांना भेटून येऊ."

"चला," डॉक्टर म्हणाले, "काकांना..." आणि थांबले.

हा विराम मात्र अर्थपूर्ण होता. एकोणीस वर्षांत डॉक्टरांना जर काही पाठ असेल तर ते स्वतः लिहिलेलं एक पान. त्यांना आठवलं की इथे गुडघे टेकायचे असतात. त्यांनी टेकले. टेबलाच्या कडेवर हात ठेवून ते म्हणाले, "बाबा, एकदा डोळे उघडा."

लेखक पडून राहिला.

डॉक्टरांनी तेच पुन्हा म्हटलं, आणि मग ओठ न हलवता, खालच्या आवाजात, "ऊठ रे." लेखकाने बॅटरी बंद केली. पाचव्या रांगेत ताई बसली होती. तो उठला तर पावणेतीन मिनिटं माफ करावं लागणार होतं, तिच्यासमोर. तो उठणार नव्हता. आणि वाचणारही नव्हता. अडकलेली माणसं काय करतात ते त्याला पाठ होतं: आधी सगळी बटणं दाबतात, मग वजनाची पाटी वाचतात, मग एकमेकांकडे बघणं टाळतात. या चौघांची मजल बटणापर्यंतही जायची नाही. थोडा वेळ उभे राहतील, लाज वाटेल, एकेक करून विंगेत सटकतील, आणि त्याचा शेवट आपोआप होईल.

सभागृहात कुणीतरी खोकलं. पंखा घरघरत होता. डॉक्टरांचा श्वास लवंगतेलाचा होता आणि जोरात चालला होता.

"कशाला हाका मारतोस?" वहिनी म्हणाल्या. "जिवंत असताना तरी कधी हाकेला उठले होते?"

मोठा हशा झाला. लेखकाने मनातल्या मनात संहिता पहिल्या पानापासून चाळली. हे वाक्य त्यात नव्हतं. डॉक्टरांच्या पानांतही नव्हतं. त्याला वाटलं आपल्याला गुंगी आली होती.

मग बाई पुढे झाल्या. त्यांनी सांगितलं की त्या तीन म्हणतील, तोवर उठले नाहीत तर गेले असं समजून पुढे जायचं. त्यांनी एक म्हटलं, दोन म्हटलं, सवयीने अडीच म्हटलं, आणि लोक खुर्च्या वाजवायला लागले. मेहुण्यांना वाटलं आपणही काही बोललं पाहिजे. त्यांच्याकडे स्वतःचं असं एकच होतं, तेच ते दुःखाने म्हणाले, की मी यांना तीनदा विमा घ्या म्हटलं, तर म्हणाले मला काय होतंय. डॉक्टरांचे हात एव्हाना बावरून त्यांना येत होतं तेच करू लागले होते. त्यांनी चादर नाकापर्यंत सारली, अंगठा लावून लेखकाचा जबडा खाली ओढला आणि वाकून आत पाहिलं.

"गेलेत," ते म्हणाले. "पण त्याआधी दाखवायला हवं होतं. खालची डावी दाढ पार किडलीय."

यात अभिनय नव्हता. ते निदान होतं. सभागृह तीस सेकंद स्वतःला आवरू शकलं नाही. तोंड उघडं ठेवून लेखक त्या गडगडाटाखाली पडला होता आणि एकाच वेळी दोन गोष्टी त्याला खात होत्या: की दाढ खरंच दुखत होती, आणि की त्याच्या तासाभराच्या संहितेत इतका मोठा हशा एकही नव्हता.

हसू ओसरल्यावर वहिनी टेबलाच्या कडेला टेकल्या. त्यांनी नवऱ्याचा हात लेखकाच्या तोंडातून काढला आणि चादर पुन्हा नीट केली. मग त्या प्रेक्षकांकडे न बघता बोलायला लागल्या. एकोणीस वर्षांत त्या पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे न बघता बोलत होत्या.

"चार ओळींना एवढं काय अवघड आहे? इथे पडून राहायचे आणि आपण काय बोलायचं ते सांगायचे. आपण तसंच बोललो की मनातल्या मनात हसायचे, बघा कशी मूर्ख आहेत म्हणून. आम्हाला आमचं आमचं बोलता येतं, हे कधी यांच्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी हात झटकला. "जाऊ दे. लिहा. शांत स्वभावाचे होते."

कुणी हसलं नाही. मग मागून कुठूनतरी एक टाळी आली आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या.

चादरीखाली लेखकाचे कान तापले. त्याला राग यायला हवा होता. पण त्याचं डोकं आधीच त्या परिच्छेदावर पेन्सिल घेऊन बसलं होतं आणि 'आमचं आमचं' मधलं एक खोडावं का ते बघत होतं. खोडायचं नव्हतं. दोन्ही लागत होते.

पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नसल्याने बाईंनी चहा ओतला. थर्मास सजावटीचा होता पण चहा खरा, कारण डॉक्टर वास्तववादी होते. कप ठेवायला जागा नव्हती. एकुलतं एक टेबल अडलेलं. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि कप मयताच्या पोटावर ठेवला.

चादर पातळ होती. लेखकाला फार स्पष्ट कळलं की तो हलला तर उठला असं होईल, आणि उठला तर डॉक्टरांचा शेवट झाला. तो हलला नाही. वहिनींनी दुसरा कप छातीवर ठेवला. मेहुण्यांनी तिसरा. डॉक्टरांनी स्वतःचा कप मयताच्या मांडीवर ठेवला, तोल बघून परत उचलला आणि गुडघ्यावर ठेवला. चौघं जण मयताभोवती बसून चहा प्यायले, बिनसाखरेचा झालाय यावर थोडं बोलले, आणि पडदा ओढणाऱ्याला शेवटी दया आली.

आत गेल्यावर डॉक्टर रडत होते. वाक्यं बदलली होती हे त्यांना कळलंच नव्हतं, कारण आधीची कुठली होती ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की तू उठला का नाहीस. झोप लागली, असं लेखकाने पोट चोळत सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि मेहुण्यांना म्हणाले की भूमिकेत शिरणं म्हणतात ते हे.

ताई बाहेर पायऱ्यांवर उभी होती, पर्स पोटाशी धरून.

"शेवट बदललास," ती म्हणाली.

इथे खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. लेखक म्हणाला, "हो."

"आधीच्यापेक्षा बरा आहे. ती बाई बोलते ते." ताई नाकातून हसली नाही. तिने त्याच्याकडे जरा नवखेपणाने पाहिलं. "मला वाटलं नव्हतं तुला हे सुचेल."

तो रात्रभर बरा झोपला, हे सांगायला हवं.

सोमवारी सकाळी पहिला फोन डॉक्टरांचा. अध्यक्षांनी दुसरा प्रयोग मागितला होता, पुढच्याच रविवारी, सगळा संघ घेऊन. तेव्हा कालचा शेवट जसाच्या तसा हवा. अडचण एवढीच की आपण काय बोललो ते चौघांपैकी कुणालाही आठवत नव्हतं. बाईंना अडीच आठवत होतं, पण कशाचं अडीच ते नाही. लिहून काढ, डॉक्टर म्हणाले, तू तिथेच होतास.

लेखकाने कागद पुढे ओढला. त्याला हवं ते लिहिता आलं असतं. काका, दिवा, अंधारातलं टेबल, सगळं परत आणलं असतं तरी गुरुवारच्या तालमीत चौघांनी ते मान डोलावून बोललं असतं. सातव्या मजल्यावर एक कुटुंब अडकलं होतं. त्यांना माणूस निघालाय असं सांगून त्याने वहिनींचं बोलणं अक्षरन् अक्षर उतरवलं. दाढ मात्र गाळली. मग पूर्ण प्रसंग एकदा वाचला आणि दाढ परत घातली.

गुरुवारी वेटिंग रूममध्ये तीन खुर्च्या जोडून तो आडवा झाला आणि चादरीखालून वाचू लागला. वहिनींच्या वाक्याशी आल्यावर त्याचा आवाज नकळत हळू झाला. वहिनींनी कान दिला, खोल विचार केला, समोरच्या तक्त्यातल्या हिरड्यांकडे वळल्या आणि गहिवरून म्हणाल्या की आम्हाला आमचं आमचं बोलता येतं, हे कधी यांच्या डोक्यातच आलं नाही. मग त्यांनी नाक मुरडलं.

"हे काढ बाबा," त्या म्हणाल्या. "तोंडात बसत नाही. तुझं नेहमी असंच असतं, लेखक. माणसं असं बोलतात का कधी?"

मेहुणे म्हणाले की खरंय, जरा पुस्तकी वाटतं. डॉक्टरांनी पॅड उघडलं आणि त्याजागी वटवृक्षाचं काहीतरी बसतं का ते बघू लागले.

लेखकाने चादर डोक्यावरून नीट ओढून घेतली, राहू दे म्हणाला, आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.